थाळा वाजला की धावायचं

पेणवरून मी याआधी चार वेळा गेले होते, आणि चारही वेळा झोपेत. अलिबागची एस.टी. पेणच्या स्टँडवर थांबते, पापडवाल्या खिडकीशी येऊन ओरडतात, आपण एक डोळा उघडून ‘नको गं बाई’ म्हणतो आणि परत मान टाकतो. माझी पेणची ओळख एवढीच. आणि तरीही दोन वर्षांपूर्वी पुण्यात पंख्याखाली बसून मी याच पेणचा आणि त्याच्या पुढच्या रोह्याचा आपत्तीचा आराखडा लिहून मोकळी झाले होते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

मी मूळची वाईची. गेली सव्वीस वर्षं नर्सिंगच्या पोरींना शिकवते. पोरी मला पाठीमागून ‘फौजदार’ म्हणतात, ते मला ठाऊक आहे आणि माझी त्याला हरकत नाही. हाताखाली माणसं घडवायची तर आवाज चढवावाच लागतो. हे सांगते एवढ्यासाठी, की या प्रवासात माझा आवाज कुठेकुठे बसला ते वाचणाऱ्याला कळावं.

आराखडा साधा होता. रोह्याच्या बाजूला रसायनांचे कारखाने, पेणच्या बाजूला हायवे आणि धरमतरची खाडी. एखाद्या दिवशी वायू सुटला तर कुठल्याच एका दवाखान्याच्या आवाक्यातली ती गोष्ट नव्हे. म्हणून दोन्ही तालुक्यांतले सरकारी दवाखाने, कारखान्यांचे डॉक्टर, खाजगी डॉक्टर आणि जीपवाले यांनी एकमेकांचा हात धरून राहायचं. कुणी कुणाला फोन करायचा, ऑक्सिजनची सिलिंडरं कुणाकडून कुठे न्यायची, पेशंट कुठल्या गाडीत घालायचे, सगळं आधीच ठरवून ठेवायचं. कल्पना चांगली होती. मी अजूनही चांगलीच म्हणते.

आणि दिवाळीनंतर खरंच तसं झालं. क्लोरीनची सिलिंडरं भरलेला एक ट्रक कासूच्या पलीकडे, खाडीकाठच्या एका गावाशी रस्त्यावरून खाली गेला. एक माणूस दगावला, पुष्कळ आजारी पडले. गावाचं नाव मी लिहीत नाही. त्या गावाबद्दल झाली तेवढी चर्चा पुरे झाली. माघ महिन्यात मला वरून हुकूम आला, की जाऊन बघून या आणि आराखड्यात काय दुरुस्त करायचं ते करा.

पेण

या वेळी मी जागी होते. खोपोलीकडून उतरताना हवा एकदम अंगाला चिकटायला लागली आणि माझा स्वेटर पिशवीत गेला. आमच्याकडे माघात दात वाजतात, इथे लोक बनियनवर अंगणात बसलेले.

डॉ. वानखेडे मला घ्यायला स्टँडवर आले. हे मूळचे अकोल्याचे, तिशीतले, पेणच्या एका दवाखान्यात दोन वर्षं काढलेले. दर दोन वाक्यांनंतर त्यांना अकोला आठवतो. “मॅडम, इथे भाजी मागितली तरी तिच्यात सुकवलेल्या कोलंबीचे सोडे निघतात,” ते म्हणाले. मी म्हटलं, “अहो, मग खाऊन टाका की. जावयासारखे रुसता कशाला?” हसले बिचारे. त्यांच्याकडे पातळ पोह्यांचा चिवडा आणि चहा घेऊन आम्ही फाइल उघडली.

माझा अंदाज होता, की फोन लागले नसतील, ऑक्सिजन वेळेवर आला नसेल, कुणी कुणावर ढकललं असेल. इतक्या वर्षांचा अनुभव तसाच आहे. पण डॉक्टर सांगत गेले आणि मी ऐकत राहिले. पहिला फोन आला आणि पाऊण तासात रोह्याहून सिलिंडरं निघाली. एका कारखान्याचे डॉक्टर स्वतःच्या मोटारसायकलवर आले. सिलिंडरांच्या चाव्या कुणाकडे कुठल्या मापाच्या, याची यादी मी हट्टानं करून घेतली होती. त्या यादीवरून त्यांनी बरोबर चाव्या आणल्या. पेणमधल्या खाजगी डॉक्टरांनी आपापली ओपीडी बंद केली.

“मॅडम, तुमचा आराखडा चालला,” डॉ. वानखेडे म्हणाले.

खोटं कशाला बोलू, माझी मान ताठ झाली. मी दुसरा चहा मागून घेतला.

“फक्त एक गोष्ट,” ते म्हणाले. “एवढे लोक बाधित व्हायचं कारण नव्हतं. गाव रस्त्यापासून लांब आहे, वाराही गावाकडे नव्हता. लोक घरात बसते तर कुणाला काही झालं नसतं. पण बघायला धावले. आपल्या लोकांना तमाशा लागतो.” त्यांनी अहवालाचं पान पुढे केलं. मृताच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘अपघातस्थळी बघ्यांच्या गर्दीत असताना बाधा.’

“चालत आला होता तो,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. “बाराच्या सुमाराला मला म्हणाला, ‘माझं बरं हाय, आधी त्यांना बघा.’ क्लोरीनचं तसंच असतं, तुम्हाला माहीत आहे. फुफ्फुसात पाणी सावकाश भरतं. चार वाजता गेला.”

मी त्या ‘बघ्या’ला मनातल्या मनात रागावले, हे मला इथे लिहिलंच पाहिजे. मेलं काय अडलं होतं बघितल्याशिवाय, असं म्हणाले. अगदी त्याच शब्दांत.

रामवाडीहून खाली

दुसऱ्या दिवशी सकाळी रामवाडीच्या नाक्यावर इस्माईलभाई जीप घेऊन उभे होते. साठीचे, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. त्या दिवशी याच जीपनं तीन खेपा करून माणसं पेणला आणली होती. आमच्या यादीत त्यांचं नाव होतं आणि यादीतला प्रत्येक माणूस वेळेला यादीप्रमाणे वागतोच असं नाही. हे वागले.

मी पुढच्या सीटवर बसून तोंडाचा पट्टा सुरू केला. लोकांना अक्कल कशी नाही, जिथे धोका तिथेच कशी झुंबड उडते, वगैरे. इस्माईलभाईंनी वडखळच्या अलीकडे एका झाडाखाली गाडी उभी केली.

“सिस्टर, तुमाला कोन बोलला, बघायला गेले?”

“अहवालात आहे.”

“मी माणसं उचलली गाडीत. या हातानं. बघायला जानारा माणूस हात हलवत जातो ना? त्यांच्या हातांत फावडी होती. घमेली होती. एकाची तर मूठ सोडवत नव्हती, फावड्यासकट घातला त्याला गाडीत. ते फावडं अजून माझ्याकडं हाय, मागं बघा.”

मी मागे बघितलं. सीटखाली खरंच फावडं होतं.

मग त्यांनी मला थाळ्याची गोष्ट सांगितली. या खाडीकाठच्या गावांची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. मधे फक्त मातीचा बांध. बांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटून खारं पाणी आत आलं, की दोन-तीन वर्षं भात विसरा. म्हणून बांध सगळ्या गावाचा, आणि बांधाला लागून ज्याचं घर त्याच्याकडे पितळेचा एक मोठा थाळा. बांधाला काही झालं की त्या घरानं थाळा बडवायचा. तो कानावर पडला की घरटी एक माणूस फावडं-घमेलं घेऊन आवाजाच्या दिशेनं पळत सुटतो. काय झालं हे विचारायचं नाही. विचारत बसलं तर तोवर पाणी आत येतं.

“थाळा वाजला की धावायचं,” इस्माईलभाई म्हणाले. “आमचं घर खाडीपासून लांब, तरी आमाला लहानपनी तसंच शिकवलंय. आता बघा, चार वर्षांमागं माझा पोरगा कुवेतला अडकला होता, लढाईत. तो बोलायचा, बाबा, हितं भोंगा वाजला की खाली तळघरात जायचं. मना ते खरंच वाटेना. वाजल्यावर माणूस लपेल कसा? वाजल्यावर तर बाहेर यायचं ना?”

 माझ्या डोळ्यांपुढे माझंच एक वाक्य उभं राहिलं होतं. ‘दूरध्वनी नसलेल्या गावांत परंपरेने प्रचलित असलेल्या साधनाने इशारा द्यावा.’ आराखड्याचं चौथं पान. या वाक्याबद्दल पुण्यात साहेबांनी माझं कौतुक केलं होतं, सिस्टरना खेड्याची जाण आहे म्हणाले होते. जाण, डोंबल! मी वाईच्या दवंडीवर गेले. आमच्याकडे दवंडीवाला आला की लोक दारात उभे राहतात, ‘काय म्हणतोय रे?’ म्हणतात, आणि परत आत जातात. मला वाटलं, सगळीकडे तसंच असेल. आणि त्याच्या खालचं वाक्य तर त्याहून धन्य. ‘इशारा मिळताच ग्रामस्थांनी उंच जागी जावे.’ त्या सपाट मुलखात उंच जागा एकच, तो बांध. आणि ट्रक पडला तो बांधाखालीच.

“थाळा कुणी वाजवला?” मी विचारलं.

“हिराबायनं. जो गेला ना, त्याची बायको.”

कासूच्या पलीकडे

कासू स्टेशनच्या पुढे डांबर संपलं आणि एका बाजूला भाताचा वाळका खुंट, मधेच वालाचे हिरवे पट्टे, आणि दुसऱ्या बाजूला चिखल नि तिवरांची झाडं असा रस्ता सुरू झाला. पाणी वर आणि शेत खाली, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. आमच्याकडे पाणी विहिरीच्या तळाशी असतं आणि त्याची आपण वाट बघतो. इथे ते कमरेइतक्या उंचीवर येऊन बांधापलीकडे टेकलेलं. मला त्याची भीतीच वाटली.

रस्ता सोडून गावाकडे जाणाऱ्या बांधावर गाडी चढेना म्हणून इस्माईलभाई गाडीशी थांबले आणि मी बांधावरून एकटी चालायला लागले. चपला काढा, असं त्यांनी सांगितलं होतं. फौजदारांनी ऐकलं नाही. पन्नास पावलं गेले असेन नसेन, पाय सटकला आणि मी पाण्याच्या बाजूनं थेट खाजणात, खाडीच्या चिखलात. गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. एक पाय उपसावा तर दुसरा आत. साडी, पर्स, अहवाल, सगळं काळं. मी ओरडले की नाही ते मला आठवत नाही, इस्माईलभाई म्हणतात ओरडले.

“हालू नको गो! हालशील तवरी खाली जाशील!”

एक बाई बांधावर आडवी पडून माझ्यापुढे फावड्याचा दांडा धरत होती. चाळिशीची असेल, काटक, गुडघ्यापर्यंत कसून नेसलेलं लुगडं. “दांडा पकर. आता लोळ. बसू नको, लोळ म्हैशीसारी.” मी सव्वीस वर्षं लोकांना हुकूम सोडलेत. त्या दिवशी मी मुकाट्यानं लोळले आणि बाहेर आले.

तिनं मला घरी नेलं. बांधाला लागून पहिलंच घर. मागच्या पडवीत मला बसवून तिनं घागरीनं पाणी ओतलं, माझे पाय असे घासले की माझ्या आईनंतर कुणी घासले नव्हते. स्वतःचं धुतलेलं लुगडं दिलं. मला ते नेसता येईना तेव्हा हसत हसत तिनंच नेसवलं. “कुठशी आयलीस?” तिनं विचारलं. मी सांगितलं, पुण्याहून, दवाखान्याच्या कामाला. त्या सगळ्या भागात बायका म्हाताऱ्या-तरण्या सगळ्यांना तू म्हणतात. पुण्यात मला कुणी तू म्हणून दहा वर्षं झाली असतील. बरं वाटलं.

मग तिनं तांदळाची भाकरी वाढली आणि निवट्यांचं कालवण. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा बोटाएवढा मासा. सबंध, डोळ्यांसकट ताटात. मी त्याच्याकडे बघतेय आणि तो माझ्याकडे. “खा गो, आता तू पन त्यांच्यातलीच झालीस,” ती म्हणाली, आणि मी खाल्लं. आंबट-तिखट, फार चवदार होतं.

एवढं होईतो मी तिच्या कपाळाकडे नीट बघितलं नव्हतं. बघितलं, तेव्हा घास हातात राहिला. कपाळ रिकामं होतं. बांधाला लागून पहिलं घर. मी म्हटलं, “तुम्ही हिराबाई?”

“व्हय.”

आमच्याकडे वर्ष होईस्तोवर बाई उंबऱ्याबाहेर फारशी दिसत नाही. ही दहाव्यानंतर लगेच बांधावर जायला लागली होती, कारण बांध कुणासाठी थांबत नाही. थाळा तेवढा तिनं भाताच्या कणगीमागे पालथा घालून ठेवला होता. गावानं सांगितलं, दुसऱ्या कुणाच्या घरी देऊ, तर तिनं दिलाही नाही आणि परत हातात घेतलाही नाही. मी त्या दिवसाच्याच चौकशीला आले आहे हे कळल्यावर तिनं भाकऱ्यांचं ताट बाजूला सारलं आणि माझ्यासमोर बसली.

“तू शिकलेली हायस. खरं सांग. मी वाजवला म्हणून तो मेला ना?”

माझ्या तोंडाशी आलं होतं: बाई, तुझं काही चुकलं नाही. ते मी लिहिलं होतं. ते वाक्य माझं होतं. पण मी तिचं लुगडं नेसून, तिच्या हातचं खाऊन बसले होते, आणि माझा धीर झाला नाही. मी म्हटलं, “मी उद्या रोह्याला सगळ्यांना विचारून सांगते.” एवढ्या वर्षांत मी इतकं भेकड वाक्य बोलले नसेन.

तिनं माझी ओली साडी पिळून पिशवीत घातली. “सावकाश जा. चपला हातात घे,” म्हणाली.

रोहा

रोह्याची बैठक कुंडलिकेच्या काठाशी एका हॉलमध्ये होती. वीस-बावीस माणसं. डॉ. वानखेडे, रोह्याचे सरकारी आणि खाजगी डॉक्टर, मोटारसायकलवरून आलेले ते कारखान्याचे डॉक्टर, आणि एका कंपनीचे सुरक्षा अधिकारी, पांढरा शर्ट, खिशात तीन पेनं. ही सगळी माणसं एकमेकांना नावानं हाका मारत होती. दोन वर्षांपूर्वी पहिल्या बैठकीला हीच माणसं वेगवेगळ्या रांगांत बसली होती. तेवढं काम आराखड्यानं केलं होतं आणि ते लहान नव्हतं.

ऑक्सिजन, गाड्या, फोन, सगळं पटापट झालं. मग अहवाल आला. सुरक्षा अधिकारी म्हणाले, “कारण स्पष्ट आहे. बघ्यांची गर्दी. यापुढे पोलिसांनी ती रोखावी, एवढं लिहा.”

मी उठून उभी राहिले. एरवी माझा आवाज तिसऱ्या वर्गापर्यंत जातो, त्या दिवशी पाण्याचा घोट घेऊन बोलावं लागलं. “ते बघे नव्हते. ते कामाला आले होते. आपण त्यांना त्यांच्याच थाळ्यानं बोलावलं. चौथं पान उघडा. ते वाक्य मी लिहिलंय.”

सगळ्यांनी पानं उलटली. मग रोह्याचे एक म्हातारे खाजगी डॉक्टर म्हणाले, “बाई, वाक्य आम्ही सगळ्यांनी वाचून सह्या केल्यात. मी तर इथलाच. थाळा मला माहीत नाही का? तरी माझ्या लक्षात आलं नाही.” हे बोलून त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

“मॅडम, कागदावर असं स्वतःवर घेऊ नये,” सुरक्षा अधिकारी म्हणाले. वाईट माणूस नव्हता. सावध होता. मी म्हटलं, “मग कुणावर घालू? जो मेला त्याच्यावर?”

डॉ. वानखेड्यांनी स्वतःच्या हातानं ‘बघ्यांच्या गर्दीत’ हे शब्द खोडले.  “मी त्याला बोललो होतो हो,” ते म्हणाले, “काय गरज होती तिथे जायची, असं. शेवटी शेवटी बोललो.” मला त्यांच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला आणि मी फिरवला.

नवं ठरलं ते असं: थाळा फक्त बांधाचा. वायूसाठी प्रत्येक गावात शिट्ट्या, आणि शिट्टी ऐकली की आवाजापासून लांब, वाऱ्याला आडवं जायचं, ओलं फडकं तोंडाला. आणि हे गावात जाऊन, लोकांत बसून, त्यांच्याकडून करून घेऊन शिकवायचं; कागद डकवून परत यायचं नाही. मी अहवालात दोन वाक्यं घातली. ‘इशाऱ्याची सूचना सदोष होती. थाळा वाजवणाऱ्या व्यक्तीची चूक नाही.’ सगळ्यांनी मान्य केलं. जेवायला वालाचं बिरडं होतं, सगळे वाखाणत होते. मी पटकन हात धुतले. कधी एकदा ती दोन वाक्यं हिराबाईला वाचून दाखवते असं झालं होतं.

पुन्हा बांधावर

चौथ्या दिवशी चपला हातात घेऊन गेले. हिराबाई बांधाच्या एका नव्या मातीच्या तुकड्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. तिचं लुगडं मी धुऊन, घडी करून आणलं होतं. ते तिनं बाजूला ठेवलं. मी शेजारी बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पुण्याचा कागद, चौथं पान, माझं वाक्य, रोह्याची बैठक. मग ती दोन वाक्यं वाचून दाखवली.

“परत वाच,” ती म्हणाली. मी परत वाचली.

“ती थाळा वाजवनारी व्यक्ती म्हंजे मी?”

“हो.”

तिनं एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. “तुझा कागद मना ठावच नाय गो. ग्रामशेवकानं वाचला आसंल, मी नव्हती तवा. मी कागदासाठी नाय वाजवला. गाडी परली ना, तिच्या चाकाखाली बांध खचला. हा बघ, हितंच, आपन बसलोय हितं. भरती चढत होती. हातभर बांध उरलावता. वास आयला मना, झोंबला डोल्यांना. पन खाडीला वास काय कमी आसतो? मी थाळा घेतला.”

मी खाली बघितलं. आम्ही बसलो होतो ती माती बाकीच्या बांधापेक्षा जरा पिवळट होती.

“म्हणजे बांध...”

“बांधला ना त्यांनी. खोकत खोकत बांधला. वाकून वाकून माती भरली.” क्लोरीन जड असतो. तो खाली, जमिनीलगत बसतो. उभं राहिलेल्या माणसापेक्षा वाकलेल्या माणसाच्या छातीत जास्त जातो. हे मी तिला सांगितलं नाही. “नायतर हे वाल तुना दिसलं नसतं आज. समदं खारं झालं असतं.”

समोर वालाचा हिरवा पट्टा होता आणि पलीकडे गाव. कुणाच्या तरी घरातून मूल रडल्याचा आवाज येत होता.

“तो कुठं होता, ठाव हाय तुना?” ती म्हणाली. नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही, तिकडे घेत नाहीत. “पार त्या टोकाला, उघाडीवर. पानी सोडायचा दरवाजा हाय ना, थय. वारा त्याच्याकडना हिकडं. त्याला कायसुदा झालं नसतं. समद्यांत लांब तो, नि समद्यांत आधी आयला तो. थाळा कोनी पन वाजवतो गो, माझी सासू वाजवायची, दीर वाजवायचा. पन माझा हात त्याला ठाव होता. बोलायचा, तू घाबरलीस का कलतं मना, ठोका चुकतो तुझा. त्या दिशी चुकला आसंल.”

माझ्या हातात अहवाल होता आणि त्यातली माझी दोन वाक्यं मला लाज वाटेल इतकी गुळगुळीत दिसायला लागली. मी विचारलं, “मग मी काय लिहू, हिराबाई?”

“त्याच्या नावाफुडं आता काय हाय?”

“काही नाही. आधी ‘बघ्यांच्या गर्दीत’ होतं. ते खोडलंय.”

“मग लिव. मी बोलवला म्हणून आयला.”

“अगं, असं लिहिलं तर सगळा दोष तुझ्यावर येतो. म्हणून तर मी ‘चूक नाही’ असं घातलंय.” मीही कधी तिला तू म्हणायला लागले होते, कळलं नाही.

ती एकदम माझ्याकडे वळली. पहिल्यांदा तिचा आवाज चढला. “चूक नाय, चूक नाय काय करतेस? कोनाचीच चूक नाय, म्हंजे तो उगाच आयला काय? कामाधंद्याबिगर मेला काय? मी बोलवला त्याला! दुसऱ्या कोनाच्या नाय, माझ्या हाकंला आयला. ते पुसू नको तू. ते लिव.”

मी पेन काढलं. गुडघ्यावर कागद ठेवून, डॉ. वानखेड्यांनी खोडलेल्या शब्दांच्या वर, माझ्या चांगल्या शिक्षकी अक्षरात लिहिलं. माझे डोळे भरून आले होते म्हणून ओळ जरा तिरकी गेली.

“काय लिवलंस?”

“‘बायकोने बोलावले म्हणून आला.’”

“धावत,” ती म्हणाली. “धावत आयला.”

मी ‘धावत’ घातलं आणि परत वाचून दाखवलं. तिनं मान हलवली, सूप मांडीवरून खाली ठेवलं आणि त्या पिवळट मातीवर डोकं टेकून मोठ्यानं रडायला लागली.